पाया नसलेली खोली

शिवलीला गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिचीच बॅच घेत होते. तापानं ती घरी होती. "ताई, अक्का गेली…" एवढंच तिचा भाऊ बोलला.

लातूरचा हा कॅडचा, म्हणजे संगणकावर नकाशे काढायचा क्लास आम्ही दोघींनी मिळून काढलेला. अहमदपूर, रेणापूरकडची आयटीआयची पोरं यायची. नट-बोल्टची चित्रं शिवलीला आधी काढूच द्यायची नाही. "टेप घ्या, सोताचं घर मापून आणा," म्हणायची. मग रेघ ओढणं, ऑफसेटनं भिंतीला जाडी देणं, जादा रेघ ट्रिम करणं, सगळं त्या घरावरच. नमुना म्हणून ती स्वतःचं घर दाखवायची. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं ते घर तिनं आठवणीतून काढलं होतं, स्वयंपाकघरामागच्या बारक्या खोलीसकट.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या दुष्काळात धरण आटलं आणि तिचं गाव वर आलं. आम्ही पोरांना घेऊन गेलो. भेगाळलेल्या गाळात जोत्याचे दगड उघडे पडले होते. माप बोटाबोटाला जुळत गेलं. मागच्या बाजूला मात्र वैजनाथ हा विद्यार्थी टेप धरून थांबला.

"मॅडम, इथं पायाच न्हाई."

"नीट बघ," शिवलीला म्हणाली. " माझी धाकटी बहीण निजायची तिथं."

शेळ्या घेऊन आलेले गावातले अप्पा ऐकत होते. ते हळूच म्हणाले, "लेकी, खोलीसाठी तुझ्या बापानं दगड आणून ठेवले व्हते. पोर तापानं गेली… मग खोली बांधलीच न्हाई."

शिवलीला त्या मोकळ्या जागेला वळसा घालून गेली, ठेंगण्या दारातून शिरावं तशी वाकली आणि आत उभी राहिली. भर उन्हात. निघताना पाहिलं, तर पोरंही त्या नसलेल्या भिंतीच्या कडेकडेनं चालली होती… मीही.

क्लासवर आल्यावर मी विचारलं, "नकाशातली ती खोली काढून टाकू या का गं?"

"राहू दे. कुठं जाईल ती?"

आता ते घर मी शिकवते. परवा जळकोटच्या एका नव्या मुलीनं त्या खोलीवर बोट ठेवलं. "मॅडम, हितं कोण ऱ्हातंय?"

"महादेवी," मी म्हणाले.

म्हणाले आणि मगच ध्यानात आलं: बहिणीचं नाव शिवलीलानं मला कधीच सांगितलं नव्हतं. तिच्या भावाला फोन लावला. धाकट्या बहिणीचं नाव महादेवी होतं का, विचारलं.

"हाव, महादेवीच. पण ती गेल्यापासून आमच्या घरात ते नाव कुणी घेत न्हाई, ताई… तुम्हाला कुणी सांगितलं?"