मेव्हन्याच्या डोक्याचं माप

माझ्या हातचं वेल्डिंग कुनाच्या बापाला तुटायचं न्हाई. म्हनूनच तर मॅडमची खुर्ची शेवटी ग्राइंडरनं कापावी लागली.

चाकनच्या कंपनीत रोबोट आले, तवा पह्यला बाहेर पडला त्यो मी. रोबोट चा पीत न्हाई, तंबाखू मळत न्हाई, साहेबाला टोमनं मारत न्हाई. माझ्यात ह्ये सगळं व्हतं, वेल्डिंगचा नंबर त्याच्याबी मागनं. शाळा मी गुरं हाकताना लांबनंच बघितलेली. मग मारुंजीच्या बाजूला मेंदू तपासायच्या एका ठिकानी चिकटलो. पेशंटच्या डोक्याला बटनांची टोपी घालायची, बटनांखाली जेल भरायचं, झालं की टोपी धुवायची. गावात सांगायचो, मेंदूच्या खात्यात हाय. तिथं एकतरी मानूस बिनमेंदूचा लागतोच की, बाकीच्यांचा उठून दिसाया.

तिथं तपासनी करनाऱ्या मॅडम सोन्यासारख्या. टोपी घातली की पेनासारखी कांडी घेऊन एकेका बटनाला टेकवायच्या. मागं चुंबकाचा डबा. त्यावरनं कॉम्प्युटरला कळतं कुठलं बटन डोक्यावर नेमकं कुठं हाय. ती मापं मग दुसऱ्या सॉफ्टवेअरात ओढायची, म्हंजी फिटचा झटका मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यातनं निघाला ते दिसतं. मॅडमनी पह्यल्याच दिवशी बजावलं व्हतं, "इथे लोखंड नको. मापं फसतात."

आता माझा मेव्हना. बायकोचा धाकटा भाऊ, मोशीला ऱ्हातो, एका कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला व्हता. माल उचलायच्या होइस्टचा हूक सुटून डोक्यात बसला, उजव्या कानाच्या वर खड्डा पडला. तवापासनं फिट येत्यात. कंपनी म्हनली, ह्ये तुला लहानपनापासनंच हाय, लपवून कामाला लागलास. त्यांच्या डॉक्टरापुढं जायची तारीख लागली. झटका खड्ड्याच्याच जागंतनं निघतो असं कागदावर आलं असतं, तर गड्याची नोकरी वाचत व्हती. मीच मॅडमच्या मागं लागून त्याची तपासनी ठरवली.

गडी अंगानं दांडगा. तिथली खुर्ची लाकडाची, डुगडुगायची. डोकं हललं की माप चुकतं, ह्ये मी ऐकून व्हतो. म्हनलं, आपल्या मानसासाठी एवढं तरी करू. सुट्टीच्या दिवशी खुर्ची टेम्पोत टाकली, काळेवाडीला दोस्ताच्या वर्कशॉपात नेली. आतनं अँगल वेल्ड केले, मानंमागं पट्टी दिली, वरनं फोम आन् रेक्झिन. हत्ती बसला तरी हलायची न्हाई.

"अरे वा, छान दुरुस्त केलीत की," मॅडम म्हनल्या. मी पावासारखा फुगलो.

तपासनीच्या दिवशी मेव्हन्याचं कडं काढलं, साखळी काढली, पट्टा, मोबाइल, करदोड्याला बांधलेली किल्लीसुदीक. कंपनीच्या गेटवर सुटताना घेत्यात ना, तसली झडती घेतली.

"दाजी, दातबी काढू का? चांदी भरलीया."

"गप बस. लोखंड चालत न्हाई हितं," मी म्हनलं, आन् बसवला त्याला लोखंडावर.

सगळा जलम झडती मानसाचीच व्हताना बघितली. खुर्चीची घ्यायची असती, ह्ये माझ्या डोक्यात कुठनं यावं?

मॅडमनी कांडी टेकवून मापं घेतली. रेकॉर्डिंग चालू झालं, आन् जरा येळानं मेव्हन्याला फिट आली. आमी त्याला धरला, कुशीवर केला. निवळल्यावर मॅडम हळूच म्हनल्या, "वाईट वाटतं, पण हेच मिळायला हवं होतं." मी लगेच टोपी काढली, धुतली, दोरीवर टाकली. कामात चपळ ना मी.

मग मॅडमनी मापं सॉफ्टवेअरात ओढली. स्क्रीनवर डोकं आलं ते पायाखाली आलेल्या दुधी भोपळ्यासारखं. कान गालात, नाक मानंत. मिलिमीटरचं सेंटिमीटर करून झालं, डावं-उजवं फिरवून झालं, फाइल परत ओढून झाली. भोपळा तो भोपळाच.

मला ऱ्हावलं न्हाई. "मॅडम, त्याचं डोकं लहानपनापासनंच तसलं हाय."

मेव्हना भिंतीला टेकून बसला व्हता, अजून गुंगीत. त्यानं डोळं उघडून माझ्याकडं बघितलं. कंपनीनं म्हनलं तेच मी बोलून बसलो व्हतो, तेबी फुकट.

मॅडमनी फळ्यावरचं बारकं चुंबक काढलं आन् खुर्चीच्या पाठीला लावलं. चिकटलं. मग मला इचारलं, "टोपी तशीच आहे ना? परत मापं घेऊ."

टोपी दोरीवर ठिबकत व्हती. एकदा डोक्यावरनं निघाली की फिटच्या येळी बटनं नेमकी कुठं व्हती ते परत सापडत न्हाई.

सॉफ्टवेअरात एक तयार डोकं असतं, समद्यांना चालनारं. पन त्या डोक्याला खड्डा न्हाई, आन् मेव्हन्याची टोपी खड्ड्यापाशी तिरकी बसलेली. "अंदाजाने लिहून देईन मी," मॅडम म्हनल्या, "पण त्यांचा डॉक्टर मानणार नाही." दुसऱ्यांदा त्याला लाकडी स्टुलावर बसवला. मापं अगदी बराबर आली. फिट आली न्हाई. एरवी बसमदी येती, न्हानीत येती, जेवताना येती. त्या दिवशी गडी टोपी घालून नवरदेवासारखा नुसता बसून ऱ्हायला.

तारखेला कंपनीच्या डॉक्टरानं अंदाजाचा कागद बाजूला सारला. कंपनीनं मेव्हन्याला कामावरनं काढला. मला मॅडमनी काढलं न्हाई, खुर्ची तेवढी कापायला लावली.

पुढच्या रविवारी आमी नवराबायको मोशीला गेलो. घरात सगळी गप. मला गप सोसत न्हाई. सुरू केलं: ग्राइंडर कसा माझ्याच वेल्डिंगवर अडला, भोपळा कसा दिसत व्हता, माझ्या खोपडीत बटनं लावली तर कॉम्प्युटर कसा म्हननार की आत कोनी न्हाई. स्वतःच्या टाळक्यात दोन मारूनबी दाखवल्या. मेव्हना बिचारा हसला पन.

माझी बायको भावजयीच्या गॅसपाशी भाकरी थापत व्हती. तिनं मागं वळूनसुदीक बघितलं न्हाई.

"बास करा आता. तुमाला उद्या कामावर जायचंय. माझ्या भावाला न्हाई."