साडी पायजे, डोंगर नाय!

आमच्या पेणच्या साडीच्या दुकानातले किस्से कुणी जपून ठेवले नाहीत, आपोआप साठत गेले. आजही आम्ही दोघं जुने सेल्समन भेटलो की एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो!

नव्वदच्या दशकातलं दुकान, रामवाडीजवळ. मालक नाना, आणि गल्ल्यावर त्यांची बायको, आमच्या वहिनी. नानांचा हुकूम एकच, "सगळा माल दाखवा!" एकदा गागोद्याच्या एका बाईंपुढे मी इतक्या साड्या उलगडल्या की बाईच दिसेनाशा झाल्या. ढिगामागून आवाज आला, "दादा, साडी पायजे, डोंगर नाय!" आणि त्या उठून गेल्या.

वहिनी म्हणाल्या, "आजपासून एका वेळी तीनच दाखवायच्या."

नाना भडकले, "मग बाकीच्या काय मी नेसू?"

*

रंगांची नावं मी इंग्लिशमध्ये सांगायचो. "मावशी, हा बॉटल ग्रीन."

"बाटली नको रे बाबा! घरात तेवढीच एक कटकट हाय!"

त्या दिवसापासून वहिनींनी आम्हाला साधी नावं पाठ करायला लावली. बॉटल ग्रीनचा झाला वालाच्या शेंगेचा रंग. पुढचं गिऱ्हाईक म्हणालं, "कवल्या शेंगंचा का जून?"

*

कोलाडहून जीपभर बायका लग्नाचा बस्ता बांधायला आल्या. सगळ्या एकदम बोलत होत्या, नवरीचा आवाजच नाही. वहिनींनी बाकीच्यांना मागे बसवून कोल्ड्रिंक पाजलं आणि पोरीला तीन साड्या देऊन आरशापुढे उभं केलं.

मागून आत्या ओरडली, "गुलाबी घे गो!"

"आत्ये, लगीन माझं हाय!" पोरगी पहिल्यांदाच बोलली आणि मोरपंखी उचलली.

आत्या लगेच म्हणाली, "मंग ती गुलाबी माझ्यासाठी बांधा."

*

आणि हा सगळ्यात भारी. खाडीकडच्या मिठागरावर काम करणारं एक वयस्कर जोडपं मुलीच्या लग्नाची खरेदी करून निघालं होतं. वहिनींनी मावशींना थांबवलं, "आणि तुम्हाला कुठली?"

"मला? मला कोन इचारतंय?"

"मी विचारतेय ना!" वहिनींनी तीन साड्या पुढे ठेवल्या. मावशींचा हात एकदा हिरवीवर, एकदा जांभळीवर. काही केल्या ठरेना.

इतका वेळ दाराशी उभे असलेले काका हळूच म्हणाले, "जांभळी घे. आपल्या लग्नात तू तसलीच नेसलेलीस."

मावशी गर्रकन वळल्या. "ती हिरवी व्हती!"

काका पार ओशाळले. "मंग... हिरवी घे."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं, पदर तोंडाला लावून हसल्या आणि वहिनींना म्हणाल्या, "नको. जांभळीच बांधा."