आखूड दांड्याची कुदळ

“भट्टी फुलव बे! ह्या कुदळीचं खुरपं करून दे मले, आत्ताच्या आत्ता!” लोहाराच्या दारात तो असा ओरडला, की साखरखेर्ड्यातले कावळे उडून थेट संग्रामपूरला जाऊन बसले असतील.

एरवी हा माणूस इतकं हळू बोलायचा, की ऐकणाऱ्याला त्याच्या मिशीत कान घालावा लागे. आमच्याकडे लहान मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात, आणि तो खड्डा ह्या आखूड दांड्याच्या कुदळीनं हाच खणायचा. हगवण नाहीतर गोवर आला, की त्याच्या हातावरचे फोड सुकायला सवड नसे. माझी दोन भावंडं त्यानंच निजवली. जित्या लेकराला मात्र तो हात लावत नसे. समोर दिसलं की रस्ता बदलायचा.

सात पाळणे हलले तर तीन पोरं शाळेत पोचायची, ते दिवस गेले. आता लस आहे, नळाचं पाणी आहे. दोन होतात, दोन्ही जगतात, तिसऱ्याची कोणाला घाई नाही. कुदळीवर कोळ्यानं घर केलं होतं आणि त्यात त्याची पणतवंडं नांदत होती. माझ्या थापा गावाला ठाऊक आहेत, पण जाळं मी डोळ्यांनी पाहिलं.

लोहार कचरला. “अन् उद्या लागली तं, मामा?”

त्यानं स्वतःच कुदळ निखाऱ्यात खुपसली आणि जुन्याच हळू आवाजात म्हणाला, “आता शुगरवाले म्हातारे मरतात. त्याईले लाकडं लागतात.”