रजिस्टरमध्ये नाव होतं

सुपेल्यात मोबाइलच्या दुकानाच्या वर एका माणसानं ‘माइंड पॉवर सेंटर’ उघडलं होतं. परीक्षेची भीती, नवराबायकोची भांडणं, तोतरेपणा, उंची वाढवणे, सगळं एकाच बोर्डावर. भिंतीवर लॅमिनेट केलेली सात सर्टिफिकेटं. मी जवळ जाऊन वाचली. पाच दोन-दोन दिवसांच्या शिबिरांची, एक रक्तदानाचं, आणि सातवं त्यानं स्वतःच्याच संस्थेकडून स्वतःला दिलेलं.

“रजिस्ट्रेशन नंबर?” मी विचारलं.

“अंकल, मन का कोई नंबर होता है क्या?” तो हसत म्हणाला.

चौतीस वर्षं मी स्टील प्लांटच्या इन्स्पेक्शनमध्ये काढली. बाहेरून आलेल्या मालाचं टेस्ट सर्टिफिकेट तपासायचं, खोटं निघालं तर भरलेला ट्रक गेटवरून परत पाठवायचा. असल्या माणसांचा मला राग येत नाही, किळस येते. घरी येऊन बायकोला मी ती सात सर्टिफिकेटं रंगवून सांगितली. ती हसली नाही. “मंग दुसरा पाहा न,” एवढंच म्हणाली.

शोध तिच्यासाठीच होता. मी रिटायर झाल्यावर प्लांटचं क्वार्टर सोडून आम्ही रिसालीला स्वतःच्या घरात आलो आणि काही महिन्यांत तिचं बाहेर पडणं बंद झालं. आधी बाजार सुटला, मग भजन, मग फाटक. फाटकाच्या कडीला हात लावला की छाती धडधडायची, तळवे ओले व्हायचे. हृदयाच्या सगळ्या तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. मी तिथंच नाक मुरडलं. घरी आल्यावर मात्र तीच म्हणाली, “मले दाखवा हो कोणाले तरी. मले फाटकाबाहेर जायचं हाये.”

मी चौकशी करतो म्हणालो. ती चौकशी अकरा महिने चालली.

दुर्गच्या एकानं नावापुढे डॉक्टर लावलं होतं. कशातले डॉक्टर, असं विचारलं तर म्हणे, लोक प्रेमानं म्हणतात. इन्शुरन्सच्या फोनवरच्या मुलीनं विचारलं, “सर, पेशंट को एडमिट करेंगे?” नाही, नुसतं बोलायचं आहे, म्हणालो. “तो सर, बात करने का क्लेम नहीं होता.” आमच्या पॉलिसीत ओपीडीचं काही मिळतं, हे तिला तिच्याच पुस्तिकेतलं पान सांगून मला वाचायला लावावं लागलं. मग प्लांटच्या ऑफिसात इन्शुरन्सचे फॉर्म भरून घेतात त्या टेबलावर गेलो. तिथं माझाच एके काळचा ज्युनिअर बसला होता. आमच्याच मराठी मंडळातला.

“बसा न साहेब. कोणासाठी, वहिनीसाठी? बिमारी काय लिहू?”

“काही नाही, नुसतं विचारून राहिलो,” म्हणून मी उठलो.

कारण बिमारीच्या त्या रकान्याचं पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्यातला एक जण मनोरोग विभागाची चिठ्ठी माझ्या टेबलावर विसरला. मी ती कँटीनमध्ये वाचून दाखवली. “याचा एक नट ढिला हाये रे!” पुढे तो दिसला की पोरं खिशातून पाना काढून दाखवायची. शेवटी त्यानं खाणीवर बदली मागून घेतली. सगळ्यात मोठ्यानं हसणारा हाच ज्युनिअर होता. आणि हसवणारा मी.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो.

सुपेल्याला जाण्याच्या कितीतरी आधी, चौकशीच्या पहिल्याच दिवशी, मला हवं ते माणूस सापडलं होतं. आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर एक तरुण बाई प्रॅक्टिस करते. सायकॉलॉजिस्टचं सरकारी रजिस्टर इंटरनेटवर कोणालाही बघता येतं. त्यात तिचं नाव होतं, नंबर होता, मुदत चालू होती. सवयीप्रमाणे मी पान छापून फायलीत लावलं आणि तिला भेटूनही आलो. ती स्पष्ट बोलली. “इन्शुरन्ससाठी आधी मनोरोगतज्ज्ञाची चिठ्ठी लागेल, बिल आणि रिपोर्ट मी देईन, मंजूर होईलच असं मात्र सांगू शकत नाही.” परत पाठवण्यासारखं तिच्यात काहीच नव्हतं. फी खिशातून भरता आली असती. पण तिचा बोर्ड चौकातच होता, आणि तो चौक मला ओळखत होता.

घरी येऊन मी सांगितलं, “रजिस्टरमध्ये तिचं नावच नाही. बोगस.”

“बरं झालं तुम्ही पाह्यलं,” बायको म्हणाली.

त्यानंतरचे सगळे भोंदू मी मुद्दाम शोधले. खोटा माल कुठं मिळतो हे मला नीट कळतं. त्यांना हसताना माझे अकरा महिने मजेत गेले. ती आत बसून होती.

शेवटी शेजारच्या बाईनं तिला हाताला धरून नेलं. सर्टिफिकेट विचारलं नाही, इन्शुरन्स विचारला नाही, त्याच चौकातल्या बाईकडे नेलं. आता ती दर मंगळवारी जाते. फाटकापासून तिथपर्यंत मी सोबत असतो. आणि ती शेजारणीला सांगते, “यायनं पाह्यलं होतं नाव, सापडलं नाही. आता नजर कमी झाली न यायची.”

हे मला ऐकवेना. काल दुपारी मी फाइल तिच्यापुढे ठेवली. तिनं चष्मा लावला. नाव वाचलं, नंबर वाचला, मग कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं.

“होळीच्या आधीचा हाये हा कागद.”

“हो.”

“माया भाचीचं लगन झालं मधात. मी नाही जाऊ शकली.”

“हो.”

“कावून केलं असं?”

मी कँटीनपासून सगळं सांगितलं. तिनं चष्मा काढून फायलीवर ठेवला. काल मंगळवार होता. ती चपला घालायला लागली तशी मी घराची किल्ली घेतली.

“आज तुम्ही नका येऊ.”

फाटकाशी ती थांबली. कडीवर ठेवलेला हात तिनं पदराला पुसला आणि परत कडीवर ठेवला, ते मला ओट्यावरून दिसलं. मी उठलो. मागं न वळता ती म्हणाली, “बसा.”

मी बसलो. बराच वेळ गेला. मग कडी वाजली.