चकतीवरचं तेल

आमच्या नांदेड-लातूर सायकल शर्यतीच्या नियमांत आठ महिने एक ओळ होती: डिस्क ब्रेकची सायकल चालणार नाही. ओळ माझ्या अक्षरात होती. ती खोट्या पायावर उभी आहे हे मला लिहितानाच ठाऊक होतं, आणि तरी मी ती लिहिली.

शर्यत तशी फार मोठी नाही. दोन्ही गावचे मिळून तीस-पस्तीस हौशी लोक. मास्तर, दुकानदार, एक-दोन डॉक्टर, बाकी माझ्यासारखे कचेरीतले. जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे नांदेडहून निघायचं आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठायचं. बक्षीस म्हणजे एक नारळ आणि टॉवेल. रुसवेफुगवे मात्र मोठ्या शर्यतीला लाजवतील असे.

आमचा एक रिवाज आहे. आदल्या दिवशी आपली सायकल आपण तपासायची नाही, जोडीदाराने तपासायची. स्वतःच्या सायकलीचा खडखडाट रोज ऐकून कानाला सवय होते, म्हणून. माझा जोडीदार वीस वर्षं एकच होता. नांदेडच्या इतवाऱ्यात त्याचं कापडाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. घोळक्यात ज्याच्या चाकामागे निर्धास्त राहावं असा तेवढा एकच माणूस मला भेटला.

काही वर्षांपूर्वी दुकानाचं शटर त्याच्या उजव्या हातावर आलं. बोटं वाचली, पण दोन बोटांतला जोर गेला. साध्या ब्रेकला उतारावर मूठ आवळून धरावी लागते, तेव्हा कुठे रबर रिमला घासून वेग मोडतो. ते त्याला जमेना. दोन वर्षं तो शर्यतीत मागच्या टेम्पोत बसून आला, पाणी वाटत. मग त्याने डिस्क ब्रेकची सायकल घेतली. चाकाच्या मध्याशी पोलादी चकती असते, दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटतात, आणि एका बोटाने दाबलं तरी सायकल जागेवर थांबते. पहिल्याच दिवशी त्याने मला अर्धापूरच्या रस्त्याला नेलं, केळीच्या बागांपाशी वेग घेतला आणि माझ्यासमोर सायकल उभी केली. "बघ यार, एकच उंगली!" म्हणाला. त्या सकाळी तो जितका खूश होता तितका तो मला त्याच्या मुलीच्या लग्नातही दिसला नव्हता.

आणि मी त्या ब्रेकच्या विरोधात होतो. तत्त्वाचा माणूस ना मी! माझं म्हणणं असं की घोळक्यात सगळ्यांचे ब्रेक सारखे हवेत. एक जण पटकन थांबला आणि मागच्याला थांबता आलं नाही, तर मागचा त्याच्यावर जाणार. शिवाय आमच्या टेम्पोत एकच जादा चाक असतं, ज्याचं पंक्चर होईल त्याला ते लावायचं. ते या सायकलीला बसत नाही. लातूरचे एक निवृत्त मास्तर माझ्या बाजूने होते. "ते चकतं म्हंजी फिरतं पातं हाय. पडलं तर पोटरी कापंल," असं ते म्हणायचे. त्यावर माझा मित्र हसून म्हणायचा, "मास्तर, थांबता आलं तर पडीन कशाला?" यातलं माझं काहीच अगदी चूक नव्हतं. पण खरं सांगायचं तर नवं काही आलं की मला आधी राग येतो, आणि कारणं मी मागाहून शोधतो. त्या वर्षी मित्राच्या हाताकडे बघून सगळ्यांनी परवानगी दिली. मी मान डोलावली, मनातून नाही.

शर्यतीच्या आदल्या दुपारी त्याची सायकल तपासायला माझ्या अंगणात आली. मी साखळी पाहिली, चाकांत हवा भरली, मग चाक फिरवून ब्रेक दाबला. चकती किर्रकन ओरडली. मी लहानपणापासून सायकली खोलत आलोय, आणि वडिलांनी शिकवलेला पहिला धडा एवढाच: कुरकुरलं की तेल. बिजागरीला तेल, पंख्याला तेल, शिलाई मशीनला तेल. मी साखळीचं तेल घेतलं आणि दोन्ही चकत्यांवर थोडं थोडं सोडून फडक्याने पुसलं. आवाज बंद झाला. ब्रेकची मूठ दाबून पाहिली, घट्ट लागली. नव्या यंत्राला सरळ केलं म्हणून मी स्वतःवर खूशही झालो. साध्या ब्रेकच्या रिमला तेल लावू नये हे शेंबड्या पोराला कळतं. चकती म्हणजेही तेच, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या लेखी ते एक वेगळंच यंत्र होतं, आणि यंत्र कुरकुरलं होतं.

दुसऱ्या दिवशी लोह्यापर्यंत ब्रेकला फारसं काम पडलं नाही. अहमदपूरच्या अलीकडच्या उतारावर मी त्याच्या मागे होतो. पुढचे सगळे वळणापाशी हळू झाले, तो झाला नाही. समोरच्याच्या अंगावर जाण्याऐवजी त्याने सायकल डावीकडे कच्च्यात घातली आणि खडीवर आपटला. गळपट्टीचं हाड मोडलं, खांदा सोलून निघाला. टेम्पोत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो उजव्या हाताची बोटं उघडमिट करून बघत राहिला.

त्याला दवाखान्यात ठेवून मी सायकल लातूरच्याच एका दुकानात नेली. मिस्त्रीने चकतीवर बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं आणि विचारलं, "ह्येला तेल कुणी लावलं? तेलानं पॅड मेले की. आता कितीबी दाबा, थांबत न्हाई." दुकानात आम्ही दोघंच होतो. "माहीत नाही," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, की मला तसं वाटलं? चोराच्या मनात चांदणं. मी नवे पॅड बसवून घेतले आणि सायकल माझ्या घरी आणली.

फेब्रुवारीत चाकूरच्या एका हॉटेलात बैठक झाली. "म्या सांगत व्हतो का न्हाई?" मास्तर म्हणाले. बाकीच्यांनीही माझ्याकडे पाहिलं, कारण वर्षभर मीच हे सांगत आलो होतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली असं त्यांना वाटणं शक्यच नव्हतं. त्यांना मी दूरदृष्टीचा वाटलो. मित्र मोडल्या बाजूचा हात गळ्यात बांधून कोपऱ्यात बसला होता. नियम झाला तर त्याची शर्यत कायमची संपणार हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही ठरवाल ते." त्याने वाद घालावा, त्या निमित्ताने माझं तोंड उघडावं, असं मला फार वाटत होतं. हात वर करायला सांगितलं. मीही केला. मग वही माझ्याकडे आली, कारण अक्षर माझं चांगलं आहे.

पुढचे महिने मी रविवारी एकटाच सायकल काढत होतो. आठवड्यातून एकदा त्याच्या दुकानात जायचो, चहा घ्यायचो, सांगायचं ठरवून न सांगता परत यायचो. त्याने स्कूटर विकली, घरून दुकानात चालत येऊ लागला. कापड स्वतः फाडायचं सोडून तो नोकराच्या हाती कात्री द्यायला लागला. मला वाटलं, खांदा दुखत असेल. तसं समजणं माझ्या सोयीचं होतं.

सप्टेंबरात एका दुपारी तो म्हणाला, "ती सायकल विकून टाक यार. तुझ्या ओळखीत कोणी असेल बघ. तू तपासून दिली म्हटल्यावर माणूस डोळे झाकून घेईल."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. "तिच्या चकतीवर तेल मी टाकलं होतं," मी म्हणालो. "आदल्या दिवशी. आवाज करून राहिली होती म्हणून. ब्रेक त्याच्यानंच गेला."

"चकतीवर?"

"हाव."

त्याने विचारलं, "तुला कळलं कधी?"

"त्याच दिवशी. लातूरला."

तेवढ्यात दोन बायका अस्तराचं कापड मागायला आल्या. त्याने तीन ठाणं उलगडून दाखवली, रंग जुळवून दिला, नोकराला कापायला सांगितलं. त्या जाईपर्यंत मी मान खाली घालून बसलो होतो. मग तो माझ्यासमोर येऊन बसला. आवाज चढला नव्हता.

"तेल टाकलं त्याचं काही न्हाई. माझ्या हातूनही झालं असतं. पण आठ महिने मी या बोटांना शिव्या देऊन राहिलो. मला वाटलं, दाबलंच न्हाई माझ्यानं. एका उंगलीचा पण दम उरला न्हाई वाटलं. स्कूटर विकली मी. नातीला कडेवर घेऊन जिना उतरत न्हाई मी, पडंल म्हणून. तू समोर बसून चहा पीत होता."

मला रडू आलं. त्याने मला गप्प केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या बैठकीत मी उभा राहून सगळं सांगितलं. मास्तरांनी माझ्या हातातली वही घेऊन ती ओळ स्वतः खोडली. डिस्क ब्रेक बरा की वाईट यावर आमच्यात आजही दोन तट आहेत, पण नियम राहिला नाही. मित्राने मात्र शर्यतीत नाव घातलं नाही.

खूप विनवल्यावर तो आता रविवारी माझ्याबरोबर येतो. सायकल तीच आहे. ब्रेक उत्तम लागतो. मी त्याच्यादेखत दहादा लावून दाखवला, त्यानेही लावून पाहिला. सपाटीला तो पूर्वीसारखाच माझ्या पुढे असतो. उतार आला की खाली उतरतो, सायकल हातात धरून कडेकडेने चालू लागतो, आणि मला म्हणतो, "तू हो पुढं." मी खाली जाऊन थांबतो. त्याला यायला दहा मिनिटं लागतात.