धुतलेली खापरे

पांढरीची माती उन्हात पिठासारखी मऊ होते. अनवाणी पाऊल टाकले की घोट्यापर्यंत ऊब चढते, आणि उचलले की जुन्या चुलीतल्या राखेचा पुसट वास येतो. वऱ्हाडच्या काळ्याभोर, भेगाळलेल्या शिवारात मध्येच उठलेला तो फिकट उंचवटा! कधीकाळी तिथे गाव वसले. घरे पडली, त्यांच्यावर पुन्हा घरे उठली. माती, राख, शेण, हाडे यांचे थरावर थर चढले आणि एके दिवशी माणसे निघून गेली. मागे राहिली ती पांढर.

मध्यप्रांत-वऱ्हाडाचे दिवस होते. मी पंचविशीतला, अकोल्याच्या जुन्या शहरात एका वखारीत मालाच्या याद्या करणारा. सुबक अक्षर आणि टापटिपीचे वेड, एवढ्याच भांडवलावर पुराणवस्तू खात्याच्या सबनीस साहेबांनी मला बार्शीटाकळीजवळच्या उत्खननावर कारकून म्हणून नेले. जाताना मनात मोहरांचा हंडा होता, खोटे कशाला बोलू? साहेबांनी पहिल्या दिवशी दोरीने एक चौकोन आखला आणि खुरप्याने बोटभर माती खरवडायला लावली. ती चाळायची, पुन्हा खरवडायची. मातीचा रंग बदलला की थांबायचे, कारण रंग बदलला म्हणजे काळ बदलला. वरचा थर अलीकडचा, तळचा सर्वांत जुना. प्रत्येक थराची खापरे वेगळ्या पोत्यात, पोत्यावर थराची चिठ्ठी. खापर काय, पुन्हाही सापडते. ते कुठे पडले होते हे मात्र एकदाच कळते, असे साहेब म्हणत. मी मान हलवीत असे. समजले नव्हते.

जमीन सरजाबाईंची. वांगी-मिरचीचा मळा एकटीने सांभाळणारी माळीण. पांढरीची माती खतासारखी कसदार, म्हणून दर उन्हाळ्यात ती गाड्या भरून मळ्यात पसरायची, ही तिकडची रीतच. यंदा आमच्यासाठी त्यांनी हात आखडला होता, पण पावसाआधी उरलेली सगळी पांढर उचलायची हे ठरलेले होते. त्या हरवलेल्या गावाविषयी जे कळायचे ते आमच्या एका चौकोनातूनच कळणार होते.

साहेब दोन दिवसांसाठी अमरावतीला गेले आणि मला तो पसारा बघवेना. एकाच पोत्यात काळी, तांबडी, जाड, पातळ, सारी सरमिसळ! मी सगळी पोती ओतली. काळ्यांत काळी, तांबड्यांत तांबडी लावली, जुन्या चिठ्ठ्या फाडून नव्या लिहिल्या आणि हौदावर खापरे घासायला बसलो. निम्मी धुऊन झाली तेव्हा सरजाबाई मळ्याला पाणी द्यायला आल्या.

"काहून धुऊन राह्यले जी बाबू? पंगत वाढता का खापरायवर?"

"साहेब खूश होतील, बाई. नीट लावतोय."

"अन् कोनतं कोन्या थराचं, हे आता कसं वळखसान?"

हातातले खापर हौदात पडले.

त्यांनी पदर खोचला, न धुतलेल्या ढिगापाशी बसकण मारली, आणि एकेका खापराच्या पोटातली माती नखाने खरवडून बोटांत चोळू लागल्या. "हे राखेचं, मधातल्या थराचं. हे चिकट, तळचं. हे भुरकं, वरचं. मोठा शायना कारकून! इतकी वर्सं मी गाड्या भरून राह्यली, मले माती नाई वळखू येत का?" दिवस मावळेपर्यंत त्या सांगत गेल्या, मी पोती भरत गेलो. धुतलेली खापरे मात्र उन्हात चकाकत होती. स्वच्छ आणि मुकी.

आपल्या आठवणींचेही आपण असेच करत नाही का? घासूनपुसून सुखाच्या सुखात, दुःखाच्या दुःखात लावतो. त्या ज्या मातीत पडल्या होत्या ती धुऊन टाकतो, आणि मग त्या आपल्याशी बोलत का नाहीत म्हणून खंतावतो!

साहेब यायच्या आधी यादी पुरी करायची होती. थराचा रकाना रिकामा. अंदाजाने भरला असता तर कोणाला कळणार होते? काळी खापरे तळची, तांबडी वरची. यादी किती देखणी झाली असती! टाक दौतीत बुडवून मी बराच वेळ बसलो.

साहेब आले. सरजाबाईंनी लावलेल्या खापरांतली माती त्यांनी चौकोनाच्या भिंतीला धरून पाहिली. थरामागून थर जुळला. मग माझी यादी मोठ्याने वाचली. रागावले नाहीत. वाचता वाचता त्यांचा आवाज मात्र बारीक होत गेला, ते रागावण्याहून जड होते.

पावसाआधी गाड्या लागल्या. पांढर उतरत उतरत शिवाराला टेकली, आणि तिच्यावर सरजाबाईंची वांगी तरारली. त्या गावाचे जे उरले ते त्या यादीत. कितीतरी खापरांपुढे, एकाखाली एक, माझ्याच सुबक अक्षरात लिहिलेले आहे: थर माहीत नाही.