मकबूल भोंगेवाल्याचा आवाज

येरमाळ्याजवळच्या त्या गावात मकबूलच्या तोंडून आल्याशिवाय कुणी मेलं असं धरतच नसत. डॉक्टर सांगो, नाहीतर पोटचा पोरगा सांगो. मकबूलची रिक्षा गल्लीत आली, त्यानं भोंग्यात खाकरून नाव घेतलं, की मगच बाया चुलीतली लाकडं मागं ओढायच्या. माती होईपर्यंत चूल पेटवायची नाही, ही तिथली रीत. मरण हिंदूचं असो की मुसलमानाचं, सांगणारा मकबूलच. हरवलेली शेळी, लसीकरण, बाजार हेही तोच पुकारायचा. पण मरण सांगताना त्याचा आवाज असा खाली बसायचा, की ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातातच राहायचा.

आणि एका सकाळी हा बाबा घरात चहा पीत बसलेला असताना, त्याच्याच आवाजात गावभर मोबाइल बोलू लागले, दगडोबा गेले म्हणून!

"या अल्ला! तुमी तर इथं बसलाव," चाँदबी, त्याची बायको, म्हणाली.

चुली विझल्या. दगडोबाची लेक हरणाबाई मुरुमहून ऊर बडवत आली. बघते तर बाप ओट्यावर बिडी ओढतोय. ती मटकन खालीच बसली. दगडोबाला हसू आलं, गावाला नाही आलं. मरणाची कुणी चेष्टा करतं का? दगडोबाचा पोरगा बजरंग तडक ठाण्यात गेला आणि मकबूलला बोलावणं आलं.

फौजदार शिवांजली मॅडमनी तो पुकारा आलेला बजरंगचा मोबाइल त्याच्या पुढ्यात ठेवला. नव्या कायद्याच्या पद्धतीनं जबाबाचं चित्रीकरण चालू होतं. मकबूलनं कान देऊन ऐकलं. तोच खाकरा, तेच थांबणं, तसंच शेवटच्या शब्दाला खाली बसणं.

"मॅडम, आवाज माझाच हाय."

"काका, काय बोलताय! हे रेकॉर्ड होतंय."

"मग खोटं बोलू व्हय? आवाज माझा हाय. पर म्या बोललो न्हाय."

आता बोला! शहाणा असता तर साफ नाकारून मोकळा झाला असता. पण याची जन्माची खोड, भोंग्यातून गेलेल्या शब्दाला कधी नाही म्हणायचं नाही.

"घ्या! कबूल झाला!" बजरंग उसळला.

मॅडमनी त्याला गप्प बसवलं. मकबूलला आपल्या मोबाइलवर चार शब्द बोलायला लावले, आवाजाची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये काहीतरी खाटखुट केलं आणि मोबाइल वर धरला. "बजरंग, खाली बस," मोबाइल म्हणाला. हुबेहूब मकबूल! बजरंग खरंच खाली बसला. मकबूल मात्र उठून भिंतीला टेकला. आपलं भूत समोर येऊन बोलावं तसं त्याला झालं.

"आता कलम लावा की या यंत्रावर," तो कसाबसा म्हणाला.

"यंत्रावर कसलं लावू? आवाज चोरला म्हणून वेगळं कलमच नाही अजून. तोतयेगिरीत बसवते. करणारा सापडला तर." मॅडम वैतागल्या होत्या. "कायदा पायी चाललाय काका, आणि हे लोक गाडीत बसलेत."

पुढं तपासणी झाली, आवाज यंत्राचा ठरला, मकबूल सुटला. करणारा काही सापडला नाही. कायद्यानं त्याचं काम केलं म्हणा. गावाच्या कानाचं काय करायचं?

मग एका दुपारी मथुराबाई खरंच गेली. मकबूल रिक्षा घेऊन निघाला, गल्लीत पुकारा केला. एकही दार उघडलं नाही. फोडणीचा वास तसाच येत राहिला.

"असंल मोबाइलमधलंच," आतून कुणीतरी म्हणालं.

मकबूलनं ते ऐकलं. त्यानं भोंगा बंद केला, खाली उतरला आणि कस्तुराबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. ही मथुराबाईची लहानपणापासूनची मैतरीण.

"मावशी, मथुराबाई गेल्या."

म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग पुढं आली आणि तिनं तळहात त्याच्या गळ्यावर ठेवला.

"आता बोल, मकबूल."

धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. तरी तो बोलला. तिच्या हाताखाली त्याचा गळा थरथरला, आणि म्हातारीनं हंबरडा फोडला.

शेजारच्या ओट्यावर बजरंग उभा होता. त्यानंही मकबूलच्या गळ्याकडं हात पुढं केला.